दहा दिशा बांधणारा राजा

एक राजा होता, त्याला कुणाकडं पाठ करता येत नसे. तिथून सुरू होते आपली गोष्ट. पाय पोटाशी घ्या, गोधडीची ओढाओढ बंद करा, आणि "पुढं काय, पुढं काय" करायचं नाही. पुढचं मला ठाऊक आहे, मी सांगणार आहे.

तर नगराचं नाव सुवेळनगर आणि राजाचं नाव चंडकेतू. नाव ऐकून वाटेल, केवढा शूर! होताही शूर, पण समोरून. लोक त्याला सावधसेन म्हणायचे, तेही हळू आवाजात. सिंहासन त्यानं भिंतीला टेकवून घेतलं होतं. जेवणाचा पाटसुद्धा भिंतीला. देवळात गेला तरी खांबाला पाठ लावून उभा राहायचा आणि पुजाऱ्याला म्हणायचा, "माझी प्रदक्षिणा तूच घाल." बिचारा पुजारी स्वतःच्या घालून झाल्या की राजाच्या घालत बसायचा.

डोक्यावर बारा महिने कानटोपी. ऐन वैशाखातसुद्धा! का, तर कुणी कान भरू नयेत म्हणून. दूध आलं की आधी मांजराला. मांजर प्यायलं नाही तर दुधाचा संशय, आणि मिटक्या मारत प्यायलं तर मांजराचा संशय. हे एवढं खूश का झालं? याला कुणी पाठवलंय? आपल्याकडंही आहे हो एकजण असा, लाडवाचा डबा उघडला की आधी वास घेतो, कुणाचा हात लागला म्हणून. नाव नाही घेत मी त्याचं.

अशा या राजाच्या पाठीवर जगात एकच जीव चढला होता. ती त्याची लेक, वेणुमती. लहान होती तेव्हा राजा तिला पाठुंगळी घ्यायचा आणि महालभर ओरडत फिरायचा, "मीठ घ्या मीठ!" मग ती मोठी झाली, लग्न होऊन दूरदेशी गेली. राजाची पाठ पुन्हा भिंतीला लागली.

आणि एके दिवशी जासूद निरोप घेऊन आला. राजकन्येला दिवस गेलेत, ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते आहे. राणी कमळजा तर नाचायचीच बाकी राहिली. तिनं लगेच जुनी मऊ लुगडी फाडून दुपटी शिवायला घेतली. राजाही हसला. पण मग त्याच्या मनात पाल चुकचुकली. लेक येणार म्हणजे मेणा येणार. मेणा येणार म्हणजे भोई येणार. त्या भोयांत कुणी शत्रू असला तर? लेकीच्या सासरचा कुणी असला तर? जावईच तसा असला तर?

"अहो, जावई आहे तो आपला," राणी म्हणाली.

"तेच तर!" राजा म्हणाला.

मग त्यानं भद्रमुनींना बोलावलं. हे भद्रमुनी म्हणजे फार मोठे मंत्रांचे जाणकार, बरं का. आले, मंडपात बसले, आणि आधी त्यांनी राजाला जग कसं आहे ते सांगितलं. आपल्या डोक्यावर एकावर एक सात लोक आहेत. पायाखाली एकाखाली एक सात पाताळं आहेत. मधोमध मेरू पर्वत, सगळा सोन्याचा. आणि पृथ्वीच्या भोवती समुद्रांवर समुद्र. पहिला खारा. मग उसाच्या रसाचा. मग एक आहे, तो तुम्हाला मोठेपणी सांगेन. मग तुपाचा, मग दह्याचा, मग दुधाचा, आणि शेवटी नुसत्या गोड पाण्याचा. तुम्हाला ऐकून जीभ चाटावीशी वाटली की नाही? राजाला काय वाटलं असेल? त्यानं विचारलं, "तुपाच्या समुद्रातून शत्रूचं गलबत आलं तर आवाज येईल का?"

मुनींनी एकदा त्याच्याकडं बघितलं आणि ते पुढं सांगू लागले. या सगळ्या पसाऱ्याला सांभाळून धरतात दहा दिशा. चार बाजूंच्या चार, चार कोपऱ्यांच्या चार, एक वरची आणि एक खालची. दिशा म्हणजे रिकामी जागा नसते. त्या दहा बहिणी आहेत. ब्रह्मदेवाला काळजी लागली होती, सृष्टी केली खरी, पण तिला ठेवू कुठं? तेव्हा त्याच्या कानातून या दहा मुली बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आम्ही आहोत ना."

"कानातून?" राजा म्हणाला आणि त्यानं टोपी आणखी खाली ओढली.

"ऋषी जपाला बसतात ना राजा, तेव्हा आधी दिशा बांधून घेतात," मुनी म्हणाले. "डोक्याभोवती चुटक्या वाजवायच्या आणि मंत्र म्हणायचा. मग जप होईपर्यंत भूत येत नाही, पिशाच येत नाही, मनात वेडंवाकडं येत नाही. जप झाला की सोडून द्यायच्या. बसताना बांधायचं, उठताना सोडायचं."

राजाचे डोळे चमकले. "मला द्या तो मंत्र."

मुनींनी तोंड वाकडं केलं, पण मागितलेला मंत्र नाकारायचा नाही असा त्यांचा नेम होता. होमकुंड पेटलं. मुनी म्हणाले, "भिंत सोड आणि अग्नीसमोर बस." राजा बसला, पण त्याची पाठ कशी शिवशिवत होती म्हणून सांगू! टोपीची एक बाजू त्यानं वर केली. मुनींनी त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन बांधायचा मंत्र सांगितला. राजानं तो घोकून पक्का केला. मग मुनी उठले आणि राजाच्या पाठीमागून निघाले.

आता हे तुम्हाला माहीत हवं. होमाला बसलेला माणूस आणि अग्नी यांच्या मधून कुणी जात नाही. तुम्ही सत्यनारायणाच्या पूजेत मधून पळता आणि माझ्या हातचा धपाटा खाता, तो याच्यासाठी. तेव्हा मुनी मागून जाणार नाहीत तर कुठून जाणार?

पण राजाला मागं पावलं ऐकू आली मात्र, तो ताडकन उठला. हात तलवारीवर.

"माझ्या मागं काय करताय?"

"तुझ्या डाव्या कानाकडं येतोय. सोडायचा मंत्र डाव्या कानात द्यायचा असतो, मागून."

"समोरून या."

"समोर अग्नी आहे."

"मग तिथूनच मोठ्यानं सांगा."

"तो मोठ्यानं सांगायचा मंत्र नाही, राजा."

झालं! राजाच्या मनात चक्र सुरू झालं. एका कानात एक आणि दुसऱ्या कानात दुसरं? म्हणजे दुसरं पहिल्याला पुसून टाकणार. किंवा हा बुवा मलाच बांधून टाकणार. मागून कशाला यायचं असतं चांगल्या माणसाला? त्यानं टोपी खाली ओढली आणि म्हणाला, "पुरे. बांधायचं मिळालं, तेवढं बास."

"अर्धा मंत्र घरात ठेवू नकोस रे," मुनी कळवळून म्हणाले. "परत घेता येत असता तर मी घेऊन गेलो असतो."

राजाला वाटलं, ही धमकीच. त्यानं मुनींना शिपायांबरोबर वेशीबाहेर काढलं. मुनी गेले, मागं न बघता.

मग राजा गच्चीवर गेला, डोक्याभोवती चुटक्या वाजवल्या, आणि पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर अशा चार दिशा बांधून टाकल्या. काय चमत्कार! रस्त्यानं येणारे व्यापारी वेशीपर्यंत यायचे आणि चालता चालता आपल्याच गावी पोचायचे. नदी वेशीवर थबकून उभी राहिली. आणि सूर्य? पूर्वच बांधलेली, तर तो उगवेल कुठून? तो एकदम डोक्यावर दिसायचा. सकाळ नाही, संध्याकाळ नाही, नुसती दुपार आणि मग गप्पकन अंधार. कोंबडे बावचळले. राजा मात्र खूश. त्या दिवशी त्यानं मांजराला न विचारता दूध प्यायलं.

दुसऱ्या दिवशी दूध पिता पिता त्याला आठवलं, अरे, कोपरे राहिले! चोर काय सरळ समोरून येतो? मग पुन्हा गच्ची, पुन्हा चुटक्या. आग्नेय, नैऋत्य, वायव्य, ईशान्य. चारही कोपरे बांधले. मग वारा थांबला. चुलीचा धूर जिथल्या तिथं लटकून राहिला. गाई चरायला निघाल्या की गोठ्यातच परत. एक आजोबा शेजारी ताक आणायला गेले ते दिवसभर स्वतःच्याच घराभोवती फिरत बसले, आणि प्रत्येक वेळी बायकोला म्हणाले, "ताक आहे का हो?"

राणी कमळजा राजाकडं आली. "अहो, वेणू येईल ना आता. कुठल्या वाटेनं येईल ती?"

"आली की सोडू."

"सोडता येतं ना तुम्हाला?"

राजानं टोपी सारखी केली. "बांधता येतं तर सोडता येणारच," तो म्हणाला. राणीला ते पटलं नाही. तिनं त्याच्याकडं असं काही बघितलं की त्याला तिचाही संशय आला. ही का विचारते? हिला काय करायचंय सोडून?

मग त्याला तिसरी शंका आली. वर सात लोक, खाली सात पाताळं, मुनीच म्हणाले होते. पाताळात नाग असतात, असुर असतात. त्यांनी खालून भुयार खणलं तर? जमिनीला कान लावला तर त्याला ठक ठक ऐकूसुद्धा आलं. ते त्याच्याच छातीचं होतं, पण हे त्याला कोण सांगणार? त्यानं वरची दिशा बांधली, खालची दिशा बांधली, आणि हात झटकले.

वर बांधल्यावर सूर्य दिसेनासा झाला. नुसता शिळा उजेड, कालचा उरलेला असावा तसा. समईची ज्योत उभी राहीना, आडवी पडून जळायला लागली. भात शिजला तरी वर येईना. खाली बांधल्यावर विहिरी आटल्या. पोहरा खाली सोडावा तर तो वरूनच परत यायचा, कोरडा. घराघरांतून लेकरं पाण्यासाठी रडू लागली. ती रडली तरी आवाज कुठून येतो ते आईला कळेना, कारण सगळे आवाज सगळीकडूनच येत होते.

आता तरी राजा निवांत बसावा की नाही? दहाच्या दहा दिशा बांधल्या. शत्रूला यायला फटसुद्धा नाही. पण त्याची पाठ काही शिवशिवायची थांबेना. तो भिंतीला टेकून बसला. मग त्याला वाटलं, भिंतीच्या आत कुणी असलं तर? त्यानं भिंत खरवडून बघितली. नुसती माती. मातीचाही त्याला भरवसा वाटेना.

आणि तेवढ्यात हाक आली.

"आबा! आबा, मी वेणू. वेशीबाहेर आले आहे. वेस सापडत नाही हो. भोई वाट शोधायला गेले ते परत आलेच नाहीत."

आवाज सगळीकडून येत होता. छतातून, कोनाड्यातून, अगदी ताटाखालून. राणी धावत आली. "आली! आली माझी पोर! सोडा आता!"

पण राजा म्हणाला, "थांब. हा वेणूचा आवाज कशावरून? बहुरूपी असतात. मायावी असतात. लेकीच्या आवाजात हाक मारली की बाप दार उघडतो, हे काय शत्रूला माहीत नाही?"

राणीनं कपाळावर हात मारून घेतला.

थोड्या वेळानं दुसरी हाक आली. आवाज बारीक झाला होता. "आबा, माझं पोट दुखायला लागलंय. लवकर या."

राजानं टोपी जराशी वर केली आणि ओरडून विचारलं, "माझी वेणू असशील तर सांग, मी तुला पाठीवर घेऊन काय विकायचो?"

"मीठ," आवाज आला. मग जरा थांबून, दातावर दात दाबून बोलावं तसं, "मीठ घ्या मीठ... आबा, हे काय विचारताय?"

राजाचा जीव एकदम गोळा झाला. पण संशय मेला नव्हता हो. तो म्हणाला, "बघ, किती बरोबर सांगितलं! पढवून आणल्याशिवाय इतकं बरोबर कोण सांगेल? महालातल्या कुणीतरी फोडलंय हे." आणि त्यानं राणीकडं बघितलं.

तिचे डोळे भरून आले होते.

मग तिसऱ्यांदा आवाज आला. त्यात शब्दच नव्हते. नुसतं कण्हणं. लांबलचक, दाबून धरलेलं, मग न धरता आलेलं.

"हे कुणी पढवलं?" राणी म्हणाली. "सांगा ना. असं कण्हायला कुणी शिकवलं तिला? माझी पोर एकटी आहे बाहेर. तिला काही झालं तर तुमच्या दहा दिशा घेऊन मी काय करू?"

राजा गच्चीच्या जिन्याकडं वळला. ती वेणू असली तर? नसली तर? पण असली तर? त्यानं गच्चीवर जाऊन चुटक्या वाजवल्या, मंत्र उलटा म्हणून बघितला, सुलटा म्हणून बघितला. गाठी आणखीच आवळल्या. आता त्याला कळलं, सोडायचा मंत्र मिळायच्या आधीच आपण मुनींना घालवून दिलं ते. तो तसाच जिना उतरून वेशीकडं पळत सुटला.

पळतो, पळतो, आणि बघतो तो समोर स्वतःचाच महाल, दारात राणी. पुन्हा पळाला, दुसऱ्या गल्लीनं. पुन्हा महाल, पुन्हा राणी. तिसऱ्यांदा भिंतीला हात लावत लावत गेला, आणि हात लागला तो स्वतःच्याच उंबऱ्याला. सगळीकडून लेकीचं कण्हणं येत होतं, आणि तिच्याकडं जायला एकही वाट नव्हती. राजा मटकन रस्त्यात बसला. त्यानं कानटोपी काढून फेकून दिली आणि लहान पोरासारखा रडायला लागला. रडू दे, रडू दे. त्याला रडायलाच हवं होतं.

डोळे पुसले तर समोर चौकात दहा मुली. एकमेकींना टेकून, गोल करून बसलेल्या. एकीचं लुगडं तांबूस, एकीचं काळंभोर, एकीच्या केसात वाळू, एकीच्या पदराला पाणी निथळत होतं. सगळ्यांचे हात बांधलेले. कशानं? तर धुरासारख्या एका दोरानं. राजानं नीट बघितलं. तो त्याच्या स्वतःच्या आवाजाचा दोर होता.

पण बघा हं, खोड कशी जात नाही. तेव्हाही त्यानं आधी विचारलं काय? "तुम्ही शत्रूच्या तर नाही ना?"

तांबूस लुगड्याची दमलेल्या आवाजात म्हणाली, "आम्ही दिशा. आम्ही कुणाच्याच नाही आणि सगळ्यांच्या आहोत."

"मग मला त्या कण्हणाऱ्या पोरीकडं न्या. ती कुठं आहे तेवढं दाखवा."

"दाखवू कशानं?" दुसरी म्हणाली. "हात बांधलेत तुम्ही. आम्हीही कुणाच्या लेकीच आहोत, राजा."

राजाला मान वर करवेना. "भद्रमुनींना बोलवा. ते सोडवतील."

"ते येणार कसे? आम्ही दहाजणी बांधलेल्या. वाट फक्त एका जागेतून आहे. ती आमच्यापैकी कुणाचीच नाही, म्हणून तुमच्या मंत्रानं ती बांधली गेली नाही."

"कुठली?"

"तुमची पाठ," सगळ्यात धाकटी म्हणाली. "पाठ म्हणजे पूर्व नव्हे, पश्चिम नव्हे. तुम्ही तोंड फिरवाल तशी ती फिरते. तिला कोण बांधणार? कुणी येणार असेल तर तिथूनच येईल. पण तुम्ही वळून बघितलंत की ती जागा समोर येते आणि बंद होते."

"येणारा मुनीच असेल कशावरून?"

"ते आम्हाला सांगता येणार नाही," ती म्हणाली.

म्हणजे बघा, केवढा प्रसंग! ज्या माणसानं जन्मात कुणाला मागं उभं राहू दिलं नाही, त्यानं भर रस्त्यात, भिंत नाही, खांब नाही, अशी पाठ उघडी टाकायची. मागून कोण येईल ते बघायचं नाही. मुनी येईल, नाहीतर तलवार येईल. आणि ज्या लेकीसाठी हे करायचं ती लेकच आहे, याचीही खात्री नाही. तुम्ही काय केलं असतं? नको, सांगू नका. झोप उडेल.

सगळीकडून पुन्हा कण्हणं आलं. राजा मांडी घालून बसला. तलवार कमरेची काढून त्यानं लांब सरकवली. बसला मात्र, त्याची पाठ थरथरत होती.

मागं पावलं वाजली. एक. मग थांबली. कोण थांबलं? का थांबलं? पुन्हा वाजली. आता अगदी जवळ. राजाची मान आपोआप वळायला लागली, तशी त्यानं दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं धरून ठेवलं. कुणाचा तरी श्वास मानेवर आला. आणि मग मानेला काहीतरी गार लागलं. तलवारीचं पातं असंच गार असतं, राजाला चांगलं ठाऊक होतं.

तो हलला नाही. म्हणाला, "जो कुणी असशील तो. माझं काय करायचं ते कर. पण आधी डाव्या कानात सोडायचा मंत्र सांग. माझी लेक बाहेर आहे."

पहिल्यांदाच तो "माझी लेक" म्हणाला होता, बरं का. कशावरून वगैरे काही म्हणाला नाही.

ते गार गार म्हणजे होता भद्रमुनींचा ओला कमंडलू. अर्ध्या मंत्राच्या काळजीनं परत आलेले मुनी वाकले आणि त्यांनी राजाच्या डाव्या कानात मंत्र सांगितला. काय होता तो? मला नका विचारू. तो कानात सांगतात, आणि माझ्या कानात कुणी सांगितलेला नाही. पण राजानं म्हटला तो भीत भीत, अडखळत, आणि तरीसुद्धा लागू पडला. धुराचा दोर विरून गेला. मुलींनी मनगटं चोळली, उठल्या, आणि दहाजणी दहा बाजूंना चालत्या झाल्या. एकीनंही राजाला शिव्या दिल्या नाहीत. मी असते तर दिल्या असत्या.

मग काय विचारता! पूर्वेकडून सूर्य वर आला, किती दिवसांचा तुंबलेला, पिवळाधमक. वारा सुटला आणि लटकलेला धूर घेऊन गेला. विहिरींना पाणी फुटलं. नदी खळखळली. आणि लेकीची हाक आली. आता ती सगळीकडून नव्हती येत. एका बाजूनंच येत होती, आग्नेयेकडून, उंबराच्या माळावरून. राजा उठला आणि धावत सुटला. पण राणी कमळजा त्याच्या पुढं! बाळंतपणाचं गाठोडं तिनं केव्हाचंच बांधून ठेवलं होतं, ते काखेत मारून ती निघालीसुद्धा.

माळावर उंबराखाली मेणा. राणी पडदा सारून आत गेली. राजा बाहेर उभा. आतून आवाज आला की राजा विचारायचा, "काय झालं? काय झालं?" आणि राणी ओरडायची, "तोंड फिरवा तिकडं आणि गप्प बसा!" राजा तोंड फिरवून गप्प बसला. भोई वाट सापडून धापा टाकत परत आले आणि राजाच्या मागं येऊन उभे राहिले. त्यानं वळूनही बघितलं नाही. सूर्य चढत गेला. राजाला वाटलं, उशीर झाला. माझ्यामुळं उशीर झाला.

आणि मग ट्यँहां! असा खणखणीत आवाज आला.

"मुलगी आहे," राणी म्हणाली. "दोघी सुखरूप आहेत. या."

राजा आत डोकावला. वेणुमती पडून होती, घामानं न्हालेली, ओठ दातांनी फुटलेले. कुशीत इवलंसं गाठोडं. तिनं बापाकडं बघितलं आणि विचारलं, "आबा, मी एवढ्या हाका मारल्या. तुम्हाला ऐकूच आल्या नाहीत का?"

आता राजाला म्हणता आलं असतं, नाही आल्या. दिशा बांधलेल्या, सगळीकडं गोंधळ, कानावर टोपी. राणीनंही काही म्हटलं नसतं. पण राजा म्हणाला, "आल्या गं. पहिलीच ऐकू आली."

"मग?"

"मला खरी वाटली नाही."

वेणुमतीच्या डोळ्यांतून एक थेंब ओघळला, तो तिनं पुसला नाही. राजा मान खाली घालून उभा राहिला. आता ही म्हणेल, जा तुम्ही, असं त्याला वाटलं. म्हटलं असतं तर तिचं काही चुकलं नसतं.

मग तिनं कुशीतलं गाठोडं उचललं आणि त्याच्यासमोर धरलं. "घ्या," ती म्हणाली. "मानेखाली हात घाला. तिची मान अजून धरत नाही."

राजानं हात घातला. दोन्ही हात.

राजा त्या दिवसापासून साफ बदलला असं काही मी सांगणार नाही, खोटं कशाला बोलू? मांजराला दूध मिळत राहिलं. पण नगराची वेस उघडी राहिली. आणि लेकीनं हाक मारली की तो आधी "आलो" म्हणायचा, मग काय ते विचारायचा. भद्रमुनींना त्यानं मानानं वाटेला लावलं. नातीचे लाड झाले, राणीची दुपटी पुरली, ताकवाल्या आजोबांना शेजारच्यांचं घर सापडलं, आणि सगळे पोटभर जेवून सुखानं राहू लागले. आता तुम्हीही डोळे मिटा बघू. दिवा मी घालवते. पाणी हवं असलं, भीती वाटली, तर हाक मारा. मी इथंच आहे, पहिल्या हाकेला येईन.